बोअरच्या पाण्याने साल्मोनेला जास्त आक्रमक होतो का, तपासायचं कसं?

प्रश्न – मोहोळ_लेअर
सोलापूर जिल्ह्यातल्या लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) शेडचं बोअरचं पाणी, कठीण, पीएच ८ च्या आसपास. हेच पाणी, क्लोरीन टाकलेलं पाणी आणि आम्ल टाकून पीएच ६ वर आणलेलं पाणी, अशा तिन्हींत साल्मोनेला टायफिम्युरियम (जुलाब आणणारा जिवाणू) ठेवून आक्रमकता, म्हणजे पेशींत शिरण्याची ताकद, मोजायची आहे. पाणी आधी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करावं का?

उत्तर – पेट्रीडिश
ऑटोक्लेव्ह नको. उकळताच बायकार्बोनेट फुटतं, चुना खाली बसतो, पीएच वर जातो. जे तपासायचं तेच पाणी उरत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

नमुना टाकीतून न घेता लाइनच्या शेवटच्या निप्पलवरून घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा. क्लोरीनच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवंच, नाहीतर वाटेतही क्लोरीनचं काम चालूच राहतं. तेवढंच थायोसल्फेट बाकीच्या बाटल्यांतही टाका, कारण साल्मोनेला ते श्वसनासाठी वापरतो.

कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून डिस्टिल्ड वॉटर घेऊ नका, क्षार नसल्याने जिवाणूंना वेगळाच झटका बसतो. ०.८५ टक्के सलाइन (मिठाचं पाणी) घ्या. एलबी ब्रॉथमधले (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवातले) जिवाणू सलाइनने दोनदा धुऊन मगच पाण्यात सोडा. ब्रॉथ सोबत गेला तर सगळं गणित बिघडतं.

उत्तर – सूक्ष्म_सोलापूर
खरी गफलत पुढे होते. पाण्यात जास्त जिवाणू जगले म्हणजे ते जास्त आक्रमक झाले, असं नव्हे. २ आणि २४ तासांनी आधी जिवंत संख्या मोजा, मग लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर दर पेशी १० जिवाणू या हिशेबाने सोडा. १ तास आत शिरू द्या, पुढचा १ तास बाहेर राहिलेले जिवाणू मारायला जेंटामायसिन हे प्रतिजैविक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, मग ०.१ टक्के ट्रायटन या डिटर्जंटने पेशी फोडून प्लेटवर वाढवून मोजा. आतले भागिले सोडलेले, गुणिले १००.

तुमचा जिवाणू कोंबड्यांतूनच काढलेला असेल तर जेंटामायसिनला दाद देतो का, ते आधी बघा. देत नसेल तर बाहेरचे जिवाणूही मोजले जातील आणि आकडा उगाच फुगेल.

पेशींत शिरण्याचं नियंत्रण करणारं हिल-ए जनुक किती चालू आहे, ते क्यूपीसीआरने मोजणार असाल तर तुलनेला एकट्या १६एस या रायबोसोमच्या आरएनएवर विसंबू नका. उपाशी जिवाणूत रायबोसोमच कमी होतात.

मोहोळ_लेअर
आणि आम्ल कुठलं घेऊ?

पेट्रीडिश
शेडमध्ये जे वापरता तेच. ॲसिटेट हिल-ए वाढवतं, ब्युटिरेट दाबतं, म्हणून नुसतं ‘पीएच ६’ लिहून भागत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याच पीएचवर आणलेली एक बाटलीही ठेवा, म्हणजे परिणाम पीएचचा की आम्लाच्या रेणूचा, ते वेगळं कळेल. कठीण पाणी आम्ल बरंच पितं, त्यामुळे १ लिटरवर थेंबाथेंबाने मोजून डोस ठरवा. आणि आम्ल व क्लोरीनचं स्टॉक एकाच बादलीत कधीच नको, विषारी वायू सुटतो.