रोम ते मिलान ट्रेनने, आईबाबांबरोबर, रमतगमत: किती शहरं घ्यावीत?

सोनचाफा

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमधे इटलीला जातोय, मी, नवरा आणि माझे आईबाबा. बाबा ७१, आई ६७. विमानाची तिकिटं झालीयेत, रोमला उतरायचं आणि मिलानहून परत, मधे १३ रात्री आहेत. गाडी भाड्याने घ्यायची नाहीये, सगळं ट्रेननेच करायचंय, कारण बाबांना रेल्वेचं वेड आहे आणि त्यांच्यासाठी खिडकीतून बघणं हीच अर्धी ट्रिप आहे.

मी केलेला आराखडा असा: रोम ३ रात्री, नेपल्स १, फ्लॉरेन्स २, पिसा १, चिंक्वे तेर्रे २, व्हेनिस २, मिलान २. बाबांना दाखवला तर ते शांतपणे वाचून म्हणाले, "यात बसायचं कधी?" तेव्हापासून मला तो कागद बघवत नाहीये.

बाबांचा गुडघा दुखतो, सपाटीवर वीसेक मिनिटं आरामात चालतात, जिने हळूहळू चढतात. आईला व्हेनिस आणि फ्लॉरेन्समधला मायकेलएंजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायचाय, बाकी काही मागणं नाही. दोघंही शाकाहारी, आई अंडंही खात नाही. यातलं काय गाळू, कुठे मुक्काम करू, आणि तिकिटं आत्ताच काढावीत की तिथे जाऊन? ज्यांनी आईवडिलांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी जरूर सांगा.

खिडकीची_जागा

बाबांनी बरोब्बर नेमका प्रश्न विचारलाय. तुमच्या आराखड्यात सात मुक्काम आहेत म्हणजे सहा वेळा बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं, नवीन हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार म्हणून तोवर कुठेतरी बसून राहायचं. गाडीत दीडच तास जातो पण दिवस अख्खा जातो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा असंच केलं होतं आणि आता आठवतात त्या फक्त हॉटेलच्या लॉब्या.

माझं मत: रोम ४, फ्लॉरेन्स ४, व्हेनिस ४, मिलान १. बस. तीन घरं आणि विमानाच्या आदल्या रात्रीचा एक मुक्काम. नेपल्स यावेळी सोडा, ते शहर घाईत बघण्यासारखं नाहीच. चिंक्वे तेर्रेही सोडा असं मी सांगेन, ती समुद्रकाठची पाच गावं, पाचही गावांत चढउतार आहे, त्यातल्या कॉर्निलियाला तर स्टेशनवरून गावात जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, बस असते पण गर्दीत तिच्यासाठी उभं राहावं लागतं. गुडघा दुखणाऱ्या माणसाला तिथे बाकावर बसवून आपण पुढे जायचं, हे काही बरं वाटत नाही.

मोठ्या शहरांतलं अंतर जलद गाड्यांनी अगदी सोपं आहे. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन, व्हेनिस ते मिलान अडीच तासांच्या आत. अकरा-साडेअकराची गाडी धरा, सकाळचा नाश्ता निवांत होतो आणि पोचेपर्यंत खोली तयार व्हायची वेळ होते. बाबांना आवडेल म्हणून सांगते, रोम-फ्लॉरेन्स हा युरोपातला पहिला जलद रेल्वेमार्ग, त्याचा पहिला भाग १९७७ मधे सुरू झाला, पूर्ण व्हायला १९९२ उजाडलं.

मधल्या दिवसांत हवं तर लोकल गाडीने एखादं छोटं गाव करा. फ्लॉरेन्सहून लुक्का दीड तासाच्या आत येतं. स्टेशनसमोरच गावाचा जुना तट आहे, तटावर चार किलोमीटरचा रुंद, झाडांचा रस्ता, वर चढलात की मग सगळं सपाट. बाकं आहेत, आजीआजोबा नातवंडांना घेऊन फिरत असतात. आमच्या सासूबाई तिथे दोन तास हलल्या नाहीत.

दोन_बॅगा

तिकिटांबद्दल लिहितो कारण इथे सगळ्यांचा गोंधळ होतो.

दोन प्रकारच्या गाड्या आहेत. फ्रेच्चारोसा आणि इतालो या जलद गाड्या, यांना सीट नंबर असतो आणि भाडं विमानासारखं वरखाली होतं, लवकर काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पटही होतं. पण सगळ्यात स्वस्त तिकीट बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत, म्हणून आईवडील बरोबर असताना मधल्या दराचं किंवा पूर्ण दराचं काढा, थोडे जास्त गेले तरी डोक्याला ताप नाही. तुमच्या तीनही मोठ्या प्रवासांची तिकिटं आत्ताच काढून ठेवा, आणि चार जण आहात तर टेबलाभोवतीच्या समोरासमोरच्या चार सीट घ्या.

दुसऱ्या म्हणजे रेजोनाले, आपल्या पॅसेंजरसारख्या. यांचं भाडं ठरलेलं, महिनाभर आधी काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, तेवढेच पैसे. सीट नंबर नाही. लुक्काची गाडी ही असली, हिचं तिकीट आधी काढायची काही गरज नाही, सकाळी ऊन बघा, आईबाबांचा मूड बघा आणि मग ठरवा.

आता महत्त्वाचं. रेजोनालेचं कागदी तिकीट घेतलं तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमधे घालून त्यावर शिक्का मारायचाच, आणि फोनवर काढलं तर चढण्याआधी त्यात चेक-इन करायचं. आम्ही एकदा शिक्का मारायचा विसरलो, तिकीट हातात होतं, पैसे भरलेले होते, तरी तपासनीसाने दंड घेतला. वाद घालून उपयोग नाही, नियम तसाच आहे, चूक आमचीच होती.

आणि स्टेशनवरच्या मोठ्या बोर्डवर फ्लॉरेन्स शोधू नका! एक तर तिथे त्याचं नाव फिरेन्झे, दुसरं म्हणजे बोर्डवर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, रोमहून निघालेली तुमची गाडी बोर्डवर वेनेत्सिया नाहीतर मिलानो म्हणून दिसेल. गाडीचा नंबर शोधायचा, तिकिटावर असतो. फलाट म्हणजे बिनारिओ, तो बऱ्याचदा गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो, म्हणून आईबाबांना बोर्डच्या खाली मधोमध बसवा आणि एकानेच बघत राहा, चौघांनी इकडेतिकडे पळायचं नाही. तिकीट मशीनपाशी किंवा डब्याच्या दाराशी कोणी न विचारता मदतीला आलं, बॅग उचलायला लागलं तर हसून नको म्हणा, नंतर पैसे मागतात.

संपाला शोपेरो म्हणतात, तारखा आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या लोकल गाड्या चालवाव्याच लागतात. निघायच्या आठवड्यात एकदा बघून ठेवा.

पायवाट

मी थोडं वेगळं सांगू का, फ्लॉरेन्सऐवजी बोलोन्याला राहा. फ्लॉरेन्स जलद गाडीने चाळीस मिनिटांच्या आत आहे, डेव्हिड बघून संध्याकाळी परत. व्हेनिस दीड तास, रावेन्नाची मोझेक्स लोकलने सव्वा तासावर. आणि बोलोन्यात रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कमानींचे झाकलेले पदपथ आहेत, मैलोनमैल, २०२१ मधे ते जागतिक वारशाच्या यादीत आले. ऑक्टोबरच्या पावसात बाबांना छत्रीसुद्धा उघडावी लागणार नाही. हॉटेलंही फ्लॉरेन्सपेक्षा स्वस्त पडतात. सपाट गाव, विद्यार्थ्यांनी भरलेलं, पर्यटकांसाठी मांडून ठेवल्यासारखं अजिबात वाटत नाही.

एकच, बोलोन्या स्टेशनवर जलद गाड्यांचे फलाट जमिनीखाली खूप खोल आहेत, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत पण वर यायला वेळ लागतो, गाडी बदलायची असेल तर मधे अर्धा तास तरी ठेवा.

खिडकीची_जागा

@पायवाट बोलोन्या मलाही मनापासून आवडतं, पण हे मला पटत नाही. फ्लॉरेन्स दिवसा बघून परत येणं म्हणजे नेमकं नको ते फ्लॉरेन्स बघणं. अकरा ते चार तिथे गर्दी असते. सहानंतर बसगाड्यांची माणसं निघून जातात, नदीवर उजेड पडतो, सांता क्रोचेच्या चौकात दगडी बाकावर बसायला जागा मिळते. ज्यांना बसायचंय त्यांनी तिथे झोपायलाही हवं.

डेव्हिडसाठी एक: तो आहे ते अकादेमिया संग्रहालय सोमवारी बंद असतं, उफिझी हे चित्रांचं मोठं संग्रहालयही सोमवारी बंद, मुक्कामाचे दिवस ठरवताना वार बघा. वेळेचं तिकीट आधी काढा म्हणजे बाबांना रांगेत उभं राहावं लागणार नाही.

गोड_लिंबू

खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. मी स्वतः अंडं खात नाही आणि इटलीत तीनदा जाऊन आलेय.

सोनचाफा, तुमच्या आईच्या दृष्टीने बोलोन्या अवघड आहे हो. तिकडचा ताजा पास्ता म्हणजे ताल्यातेल्ले, तोर्तेल्लिनी, लझान्या, सगळा अंडं घालूनच मळतात, तीच त्या भागाची ओळख आहे. सुका पास्ता, म्हणजे स्पॅगेटी, पेन्ने, बहुतेक सगळीकडे नुसता रवा आणि पाण्याचा असतो. तोस्कानात म्हणजे फ्लॉरेन्सच्या बाजूला पिची नावाचा जाड हातवळा पास्ता मिळतो तोही बहुतेक नुसत्या कणीक-पाण्याचा, तरी विचारून घ्या, "सेन्झा उओवा?" म्हणजे अंड्याशिवाय ना. मांसाशिवाय म्हणजे "सेन्झा कार्ने". भाज्यांच्या सूपमधे मांसाचा रस्सा असू शकतो, हे तर नक्की विचारा.

तोस्कानाचं गरिबाघरचं जेवण आपल्याला फार जवळचं वाटतं. रिबोल्लिता म्हणजे शिळा ब्रेड, पांढरा राजमा आणि पालेभाजी घालून दाट शिजवलेलं, पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे शिळा ब्रेड टोमॅटोत शिजवून वर ऑलिव्ह तेल. आणि लुक्का-पिसाला गेलात की चेचीना मागा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, तेल, मीठ, तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत घालून भट्टीत भाजतात, कडा कुरकुरीत, मधे मऊ, कागदात गुंडाळून वर मिरपूड भुरभुरून देतात. पहिला घास घेतला आणि मला घरचं बेसनाचं धिरडंच आठवलं. आईंना हे नक्की द्या.

चीजचं आधीच सांगून ठेवते. पार्मेजानोत वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते, असतंच, नियमानेच असतं, पेकोरिनो रोमानोत कोकराचं. काही शाकाहारी लोकांना चालतं, काहींना नाही, तिथे ताट समोर आल्यावर कळण्यापेक्षा घरीच बोलून घ्या. चालत नसेल तर मारिनारा पिझ्झा, त्यावर चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगानो. तिरामिसूत अंडं, पान्ना कोत्तात जिलेटिन. जेलातो घेताना फळांचे सोर्बेत्तो बरे, क्रेमा टाळा.

दोन_बॅगा

व्हेनिसचं राहिलं. दोन स्टेशनं आहेत, मेस्त्रे जमिनीवरचं आणि सांता लुचिया बेटावरचं. मेस्त्रेला उतरू नका, बसून राहा. तिथून पुढे गाडी पाण्यावरच्या पुलावर येते, जवळजवळ चार किलोमीटर, दोन्ही बाजूंना खाडी, लाकडी खांब, त्यांवर बसलेले पक्षी, डब्यातली बोलणी आपोआप थांबतात. हा रेल्वेचा पूल १८४६ चा आहे. बाबांना खिडकी द्या. सांता लुचियातून बाहेर पडलात की थोड्या पायऱ्या आणि समोर थेट ग्रँड कॅनाल.

हॉटेल मात्र वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या बससारख्या बोटीच्या, थांब्याजवळ घ्या आणि थांब्यापासून दारापर्यंत किती पूल आहेत हे हॉटेलला लिहून विचारा. प्रत्येक पूल म्हणजे चढायच्या आणि उतरायच्या पायऱ्या, बॅगेसकट. एक पूलही नसलेली हॉटेलं मिळतात. बोटीचं एक तिकीट ७५ मिनिटांना ९.५० युरो आहे, म्हणून तीन दिवसांचा पासच घ्या. एक नंबरची बोट संथ जाते, सगळे थांबे घेते, बाबांना बसून व्हेनिस बघायला तीच.

पायवाट

अंड्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, गोड_लिंबू यांचं बरोबर आहे, बोलोन्याचा हट्ट मागे घेतो. पण व्हेनिसहून एक दिवस पादोवाला जा, अर्ध्या तासाच्या आत आहे. तिथे चित्रकार जोत्तोने साधारण १३०५ मधे रंगवलेलं स्क्रोवेन्यी चॅपेल आहे, आधी बुकिंग लागतंच. थोड्याच लोकांना आत घेतात, आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, हवेतला दमटपणा कमी व्हावा म्हणून, आणि मग आत पंधराच मिनिटं. वर अख्खं छत निळं, त्यावर सोनेरी तारे. इतकं कमी चालून इतकं काही बघायला मिळतं, बाबांसाठी अगदी योग्य.

सोनचाफा

सगळ्यांचे खरंच खूप आभार. काल रात्री आईबाबांना बसवून सगळं वाचून दाखवलं. रोम ४, फ्लॉरेन्स ४, व्हेनिस ४, मिलान १ असं पक्कं केलं. लुक्का आणि पादोवा मनात आहेत, पण त्या दिवशी उठून ठरवणार. नेपल्स गाळताना मला वाईट वाटलं, बाबांना नाही वाटलं. चीजबद्दल आई म्हणाली, "मारिनारा आहे ना मग झालं." चेचीनाचं वाचल्यावर तिने दोनदा विचारलं की हरभऱ्याच्या डाळीचंच ना.

बाबांनी १९७७ चं वाचून डायरीत लिहून ठेवलंय. त्यांचा एक प्रश्न आहे, मला विचारायला सांगितलाय: रोमहून फ्लॉरेन्सला जाताना कुठल्या बाजूची खिडकी घ्यावी?

खिडकीची_जागा

बाबांना सांगा, त्या मार्गावर बोगदे बरेच आहेत, खिडकी कुठलीही घेतली तरी मधेमधे अंधार येणार. साधारण निम्म्या वाटेवर डोंगरावरचं ओर्व्हिएतो दिसतं, ते उत्तरेला जाताना डाव्या बाजूला. गाडी वेगात असते, तेव्हा निघून अर्धा तास झाला की चष्मा लावून तयार राहा म्हणावं.