शब्द गेले, तरी शेक्सपिअर उरतो का?

अबोली: जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'रान' (१९८५) हा चित्रपट काल पुन्हा पाहिला. (आपलं रान नव्हे, जपानीत 'रान' म्हणजे अनागोंदी.) शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'वर बेतलेला, पण तीन मुलींच्या जागी तीन मुलगे. म्हातारा हिदेतोरा मुलांना एकेक बाण देतो, तो मोडतो. तिन्हींची जुडी मोडत नाही. मोरी मोतोनारी या जुन्या सरदाराच्या नावाने जपानात सांगितला जाणारा हा एकीचा दाखला. इथे मात्र धाकटा साबुरो तीच जुडी गुडघ्यावर आपटून मोडतो! लिअरने राज्य कसं केलं, हे नाटकात जवळपास येतच नाही. हिदेतोराने सुनांची माहेरं बुडवली, एका पोराचे डोळे काढले. त्यामुळे त्याचं भोगणं मला जास्त पटतं. माझ्या मते मूळ नाटकापेक्षा सरस.

निवडुंग: सरस? अजिबात नाही. गोष्टी तर शेक्सपिअरनेही उसन्याच घेतल्या. मॅकबेथची होलिन्शेडच्या बखरीतून. त्याची कमाई भाषेची. धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं प्रेत समोर असताना लिअर 'नेव्हर' पाच वेळा म्हणतो. अख्खी ओळ एकाच शब्दाची! ती गेली की उरतो सांगाडा.

अबोली: शब्द काढले, पण जागा रिकामी नाही ठेवली. 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७) हा कुरोसावांचा मॅकबेथ. त्यात इसुझु यामादाची असाजी, म्हणजे लेडी मॅकबेथ, जपानच्या पारंपरिक नोह नाटकातल्या मुखवट्यासारखा चेहरा. पहारेकऱ्यांसाठी साके (तांदळाची दारू) आणायला ती दारापलीकडच्या काळोखात विरून जाते आणि भांडं घेऊन त्याच काळोखातून उगवते. ऐकू येते ती रेशमाची सळसळ. लेडी मॅकबेथची इतकी भीती मला वाचताना वाटली नव्हती.

निवडुंग: असाजी मान्य. पण ते श्रेय नोहचं.

रंगपट: मी निवडुंगांच्या बाजूने. 'नटसम्राट'मधल्या अप्पा बेलवलकरांकडे ना राज्य ना तलवार, तरी त्यांच्यात लिअर दिसतो. शिरवाडकरांनी त्यांना त्या तोलाची स्वगतं दिली म्हणून. गोष्ट खुशाल बदला, पण शब्दांच्या बदल्यात शब्द द्यायला हवेत.

अबोली: अप्पा नट आहेत, बोलणं हा त्यांचा प्राण. हिदेतोरा आयुष्यभर लढलाय, त्याच्या तोंडी तशी स्वगतं शोभली नसती. किल्ल्यावर हल्ला होतो तेव्हा कुरोसावांनी लढाईचा सगळा आवाज काढून टाकलाय. माणसं ओरडताना दिसतात, कानावर येतं फक्त तोरु ताकेमित्सुंचं संगीत. मग बंदुकीचा एक बार होतो, थोरला मुलगा कोसळतो आणि सगळा कल्लोळ एकदम परत येतो. शेवटी जळत्या किल्ल्यातून हिदेतोरा पायऱ्या उतरतो. दोन्हीकडचे सैनिक बाजूला सरून त्याला वाट देतात. तो एक शब्द बोलत नाही.