'एका रानकोंबडीसाठी बंदर अडवलं!' म्हणे

अवकाळी: सोसायटीच्या ग्रुपवर काल पोस्ट आली: 'अंदमानच्या एका रानकोंबडीसाठी ७२ हजार कोटींचं बंदर अडवणारे देशद्रोही.' खाली टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस. तिथे बोललो तर पार्किंगचा वाद उकरतील, म्हणून इथे लिहितोय.

अंदमान नव्हे, ग्रेट निकोबार. पोर्ट ब्लेअरपासून पाचशे किलोमीटर खाली. तिथे सरकारला बंदर आणि त्याच्या जोडीला अख्खं शहर उभारायचंय. आणि कोंबडी नव्हे, निकोबार मेगापोड. हा पक्षी अंड्यांवर बसतच नाही. वाळू, पालापाचोळा, प्रवाळाचा चुरा पायांनी मागे फेकत ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो. पाला कुजताना ऊब सुटते, तिच्यावर पिल्लं निघतात. पिल्लू आपणच उकरत वर येतं आणि झाडीत पळतं, आईबाप भरवायला नसतात. हे ढीग असतात किनाऱ्यालगतच्या सपाट पट्टीत. माणसालाही घर, नारळाची बाग, रस्ता, धक्का सगळं त्याच पट्टीत हवं. म्हणून 'बेटाचा जेमतेम १८ टक्के भाग जातोय' हे ऐकलं की डोकं फिरतं. कुठला १८ टक्के ते सांगा ना!

२००४च्या सुनामीत या मेगापोडांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली. बंदर जिथे होणार त्या गॅलथिया खाडीला १९९७ साली दिलेला अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१मध्ये काढून घेतला. तिथल्या ५१ घरट्यांपैकी ३० कायमची जाणार, हे सरकारी कागदातच आहे. बदल्यात काय, तर मेंचाल नावाच्या चिमुकल्या बेटावर अभयारण्य. आणि जंगलाच्या बदल्यात झाडं लावणार हरियाणात!

दर्यावर्दी: भावनिक लेख छान. आता नकाशा उघडा. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे हे बेट, जहाजांच्या मोठ्या वाटेवर. आपला माल कोलंबो-सिंगापूरला उतरवून पुन्हा चढवतात, त्याचे पैसे कोण भरतं? चीन शेजारी येऊन बसल्यावर मेगापोडची पिल्लं पाठवायची का लढायला?

अवकाळी: लढायला नौदलाचा तळ आहे. आयएनएस बाझ, २०१२पासून, त्याच बेटावर. त्याला कोणी विरोध केलाय? कंटेनर उतरवणं हा धंदा आहे, संरक्षण नाही. त्यासाठी केरळात विळिंजम बंदर सुरू झालं. आणि साडेतीन लाख लोकांचं शहर कुठल्या युद्धनीतीत बसतं?

दर्यावर्दी: शहराचं मलाही जरा जास्तच वाटतं. पण बंदर हवंच. एक झालं म्हणून दुसरं नको, हे लॉजिक तुम्ही फक्त विकासालाच लावता.

कॅम्पबेलकर: वाचून गंमत वाटली. मी त्या बेटावरच वाढलो. १९६९पासून सरकारने माजी सैनिकांना तिथे वसवलं. पंजाबी, तमिळ, मल्याळी आणि आम्ही मराठीसुद्धा. बाबांनी जंगल तोडून नारळ लावले, कारण सरकारनेच तोडा म्हणून सांगितलं होतं. आईला पोटात दुखायला लागलं तेव्हा जहाजासाठी थांबलो, मग दोन दिवस समुद्र. पोचेपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. तुमची सोसायटी टेकडीच्या उतारावर, आणि आम्ही मात्र पक्ष्यांसाठी कंदिलात राहायचं?

ढीग मी पाहिलेत. हात घातला की आत कोमट लागतं. बागेच्या कडेला एक होता, तो बंदराने नाही, कुत्र्यांनी संपवला. सुनामीनंतर वस्त्या उजाड झाल्या, कुत्री मागे राहिली. कासवाची अंडी उकरतात, ढीगही सोडत नाहीत. यावर कोणी लेख लिहीत नाही.

चिमणीची_आई: आलं कुत्र्यांवर! दोष माणसाचा, शिक्षा मुक्या जनावराला. नसबंदी करा, प्रश्न मिटतो.

कॅम्पबेलकर: ताई, नसबंदी केलेलं कुत्रं अंडी खायचं सोडतं का?

खवचट_नाना: 😂

चिमणीची_आई: हसा. आमच्या गल्लीत माझ्या राणीला विष घातलं कोणीतरी, तेव्हाही असेच हसत होते लोक.

दर्यावर्दी: आणि माझ्या भाच्याला तुमच्या 'राणी'सारख्याच एकीने फोडलं. पाच इंजेक्शनं. खायला घालायचं तर घरात नेऊन घाला.

चिमणीची_आई: भाच्याने दगड मारला असेल आधी.

दर्यावर्दी: चार वर्षांचा आहे तो!! लाज वाटत नाही?

अवकाळी: अहो, धागा मेगापोडचा आहे. कुत्र्यांचा मुद्दा खोटा नाही, पण सुटा नाही. माणूस जिथे जातो तिथे त्याचा गोतावळा जातो. अंदमानातलं नारकोंडम घ्या. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट, तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठे नाही. पोलिस चौकी आली, तिच्याबरोबर बकऱ्या आल्या. बकऱ्यांनी जंगलातली रोपटी फस्त केली, शेवटी त्या हटवाव्या लागल्या. मूठभर पोलिसांची ही कथा. साडेतीन लाख माणसांबरोबर कुत्री-मांजरं-उंदीर किती येतील?

चिमणीची_आई: म्हणजे प्रश्न माणसांचाच. तेच म्हणत होते.

खवचट_नाना: चला, एकमत झालं. सगळे मिळून गाव सोडा.

दर्यावर्दी: २०१२ला तिथलं रडारही याच धनेशासाठी अडवलं होतं. २०१४ला मंजुरी मिळाली. तुमचे लोक रडारही सोडत नाहीत आणि वर म्हणता संरक्षणाला विरोध कोणी केलाय!

अवकाळी: रडारला माझाही विरोध नव्हता. जागेला होता.

दर्यावर्दी: जागेला नेहमीच असतो.

कॅम्पबेलकर: तुमचं चालू द्या. निकोबारी लोकांना सुनामीनंतर दक्षिण किनाऱ्यावरून उठवलं, ते आजही आपली गावं परत मागतायत. त्यांची बाजू इथे एकानेही घेतली नाही, कुत्र्यांवर मात्र अर्धा धागा. बंदर अडवायचं तर अडवा. पण जहाजाच्या फेऱ्या वाढवा आणि एक सर्जन द्या, असा अर्ज आमच्या लोकांनी केलाय. पक्षीवाल्यांनी त्यावरही सह्या कराव्यात.

अवकाळी: पाठवा, करतो.

दर्यावर्दी: मीपण करतो. बंदर झालं की सर्जन आपोआप येईल, ते वेगळं.

चिमणीची_आई: माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. राणीने काय बिघडवलं होतं?