उत्तर: तळ्याच्या तळाशी काय घालावं?

नेरुळच्या रो-हाऊसमागच्या छोट्या तळ्यात कमळं आणि गप्पी सोडायचे आहेत, तर तळाशी माती घालू की खडी, असं ताईंनी विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्या तळाला माती अजिबात पसरू नका. ती ढवळली गेली की पाणी गढूळ होतं.

माती फक्त कमळाच्या कुंडीत घाला. शेतातली जड, चिकट काळी माती उत्तम. कोकोपीट नको, ते तरंगतं. ताजं शेणखतही नको, त्याने शेवाळ माजतं. वर बोटभर जाडीचा खडीचा थर दिला की माती जागची हलत नाही.

उरलेला तळ मोकळा ठेवला तरी चालतं. उघडा लायनर (पाणी झिरपू नये म्हणून तळ्यात घातलेलं अस्तर) डोळ्यांना खुपत असेल तर नदीतले गुळगुळीत गोटे पातळ पसरा. जाड थरात पानं अडकून कुजतात आणि हात घातला की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. क्रशरची काळी खडी पाण्याला बाधत नाही, पण तिच्या धारदार कडा लायनर फाडतात. घ्यायचीच तर खाली जाड जिओटेक्स्टाइल (मजबूत कृत्रिम कापड) अंथरा आणि खडी नितळ पाणी येईपर्यंत धुवा.

खाडीची किंवा समुद्राची वाळू मात्र कृपा करून नको. त्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुराही. शिंपले आणि संगमरवराचे तुकडे पाण्याची कठीणता वाढवतात. शंका आली तर दगडावर व्हिनेगर टाका, फसफसला तर बाजूला ठेवा.