मदत हवी आहे : डिप्लोमसीत सोडलेलं हॉलंड कुणाचं?

मंडळी, डिप्लोमसी हा युरोपच्या नकाशावरचा बोर्ड गेम खेळणारं कुणी आहे का इथे? रविवारी पहिलाच डाव मांडला आणि 1901 सालातच (म्हणजे खेळातल्या पहिल्याच वर्षी) भांडण. मी जर्मनी.

स्प्रिंगमध्ये (वर्षातली पहिली चाल) कीलचं फ्लीट, म्हणजे आरमार, हॉलंडला नेलं, फॉलमध्ये (दुसरी चाल) तेच पुढे बेल्जियमला. दोन्ही सप्लाय सेंटरं (जितके असे प्रांत ताब्यात, तितकं सैन्य) माझी, असं धरून हिवाळ्यात दोन आर्म्या मागितल्या. फ्रान्सवाला मित्र म्हणतो, ताबा फक्त फॉलच्या शेवटी मोजतात. तेव्हा हॉलंडमध्ये तुझं कुणीच नव्हतं, म्हणून एकच आर्मी. मग स्प्रिंगमधलं पाऊल फुकटच गेलं म्हणायचं?

दुसरा घोळ जास्त छळतोय. रूरची आर्मी बर्गंडीवर पाठवली, म्युनिकच्या आर्मीचा सपोर्ट (जागेवरूनच हल्ल्याला दिलेला जोर) दिला. बर्गंडीतल्या त्याच्या आर्मीने नेमका म्युनिकवरच हल्ला केला. तो म्हणतो सपोर्ट तुटला. पण ज्या प्रांतावर आपण चालून जातोय तिथूनच आलेल्या हल्ल्याने सपोर्ट कसा तुटेल? तसं असेल तर कुणालाही हुसकावणं अशक्यच की! (म्युनिक पडलं नाही, हे त्यालाही मान्य आहे.)

जिंकायला लागणारी 34 पैकी 18 सेंटरं लांबची गोष्ट, आधी ही दोन सोडवा. पट तसाच मांडून ठेवलाय, आई रोज विचारते टेबल कधी मोकळं होणार.