मदत हवी आहे: दिवाळीच्या किल्ल्यात मोगलीमधली माकडांची ओसाड नगरी करायची आहे, पडकी भिंत खरोखर पडकी कशी दिसेल?

नमस्कार मंडळी,

इथे किल्ले करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, आणि जंगल बुकवाले पण असतील अशी आशा आहे कारण मला दोन्हीकडची मदत लागणार आहे.

आमच्या दारात दरवर्षी दिवाळीला किल्ला होतो. सातारा, जुनं घर, पुढे अंगण आहे त्यामुळे जागेचा प्रश्न नाही, साधारण सहा बाय चार फूट मिळते. मुलगा चौथीत आहे. या पावसाळ्यात त्याला सर्दीतापाने आठवडाभर घरी बसवलं होतं तेव्हा मी त्याला आपलं जुनं जंगल बुक लावून दिलं, तेच जपानी कार्टून, आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं ते, गुलजारांचं शीर्षकगीत आणि शेरखानला नाना पाटेकरचा आवाज. मी स्वतः तेव्हा त्याच्याच वयाची होते आणि अंघोळ न करता टीव्हीपुढे बसले म्हणून बोलणी खायचे. मला वाटलं होतं त्याला बघीरा आवडेल, का अजगर आवडेल, पण त्याच्या डोक्यात बसली ती माकडांची नगरी. मोगलीला पळवून नेतात ना, जंगलाच्या आत, कोणे एके काळी माणसं राहायची आणि आता कोणीच नाही, ती. त्याने व्हिडिओ थांबवून थांबवून वहीत चित्रं काढली आहेत आणि मला रोज विचारतो की तिथली माणसं कुठे गेली. आता म्हणतो यंदाचा किल्ला तोच करायचा.

मला मनापासून आवडलं, कारण दरवर्षी आपण विकतची चित्रं आणून मांडतो त्यापेक्षा त्याने स्वतः काहीतरी मनात धरलंय. पण अडचणी तीन आहेत.

पहिली म्हणजे कार्टूनमध्ये ती नगरी तुकड्यातुकड्यात दिसते, माकडं पळतायत, पायऱ्या दिसल्या, घुमट दिसला, वेली दिसल्या, पण कशाच्या शेजारी काय आहे ते कळत नाही. किल्ला म्हटलं की नकाशा लागतो. मूळ गोष्टीत त्या नगरीचं वर्णन आहे का, असेल तर कोणी सांगेल का. आणि खरी कुठली जागा बघून ती लिहिली असेल तर तिचे फोटो बघून करता येईल.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. आम्ही मागच्या रविवारी एका पाटावर छोटा नमुना करून बघितला. विटांचे तुकडे, लाल माती, नेहमीसारखं. भिंतीला मुद्दाम खाचा ठेवल्या, एक बुरूज अर्धाच केला, दरवाजा वाकडा लावला. आणि ते पडकं अजिबात वाटेना, अर्धवट सोडल्यासारखं वाटलं. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या "झाला की पूर्ण, छान दिसेल". मुलाचा चेहरा एवढासा झाला. पडलेला किल्ला आणि न झालेला किल्ला यात नक्की फरक काय असतो हे मला शब्दात सांगता येत नाहीये पण डोळ्याला लगेच कळतंय. सुरीने कापलेली कड गुळगुळीत दिसते हे एक लक्षात आलं, बाकी काय चुकतंय?

तिसरी, सासरे. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. आजवरचे सगळे किल्ले त्यांनी केलेत, आधी माझ्या नवऱ्याबरोबर आणि आता नातवाबरोबर, गोणपाट कसं ओलं करायचं ते त्यांनीच शिकवलं. त्यांना हे मान्य नाही. दिवाळीत दारात पडकं काही नसावं, लक्ष्मी यायच्या दिवसात भग्न वास्तू कशाला, आणि पोरगं या वर्षी शाळेत शिवछत्रपती शिकतंय आणि दारात माकडं बसवायची का, असं त्यांचं म्हणणं. ते रागावलेले नाहीत, नुसते गप्प झालेत, माती चाळायला पण आले नाहीत, आणि ते मला जास्त लागलंय. त्यांना वगळून मला किल्ला करायचाच नाहीये.

परीक्षा संपायला सहा दिवस आहेत. कृपया सुचवा.

प्रतिसाद १

ताई, वर्णन आहे आणि भरपूर आहे. पुस्तकात तिचं नाव कोल्ड लेअर्स. पहिल्या जंगल बुकात, म्हणजे १८९४ च्या, मोगलीला पळवतात त्या गोष्टीत आहे, आणि १८९५ च्या दुसऱ्या पुस्तकात पुन्हा येते, अंकुशाची गोष्ट, तिथे जमिनीखालच्या खजिन्यावर एक म्हातारा पांढरा नाग पहारा देत बसलेला असतो, त्याच्या दातातलं विष कधीच आटलंय पण त्याला ते माहीत नाही.

नकाशा असा काढा. छोटी टेकडी. खालून दगडी वाटा वर दरवाजापर्यंत जातात, दरवाजाचं लाकूड गेलंय, गंजलेल्या बिजागरीला नुसती ढलपी लटकतेय. टेकडीच्या माथ्यावर छप्पर नसलेला राजवाडा, चौकातला संगमरवर आणि कारंजी तडकलेली, त्यावर लाल हिरवे डाग. हत्ती बांधायच्या चौकातली फरशी गवताने आणि रोपांनी उचलून वर आलेली. तिथून खाली बघितलं की बिनछपराच्या घरांच्या ओळीच ओळी, मधाच्या रिकाम्या पोळ्यासारख्या, आत काळोख. चार रस्ते मिळतात तिथे एक बेढब दगड, तो कधीकाळी देव होता. रस्त्याच्या कोपऱ्यांवर खळगे, तिथे विहिरी होत्या. देवळांचे घुमट फुटलेत आणि त्यातून उंबराच्या जातीची झाडं आलीत. एका बाजूला लाल दगडाची टाकी, पावसाच्या पाण्याने अर्धी भरलेली, बघीरा जीव वाचवायला त्यातच उडी मारतो. टाक्यांच्या वरच्या गच्चीच्या मधोमध राण्यांसाठी बांधलेला पांढऱ्या संगमरवराचा मंडप, भिंती म्हणजे नुसती जाळी, घुमट अर्धा आत पडलाय. मोगलीला त्यातच टाकतात आणि आत नाग असतात. का अजगर येऊन ती जाळी डोक्याने धडका देऊन फोडतो.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, ती मुलाला जरूर सांगा. माकडं राजाच्या सभेच्या जागी गोल करून बसतात, माणसं असल्याचा आव आणतात, कुठल्या तरी कोपऱ्यात जुन्या विटा आणि गिलाव्याचे तुकडे गोळा करतात आणि मग कुठे ठेवलं तेच विसरतात. किल्ल्यात विटांचा असा एक बिनकामाचा ढीग ठेवलात तर ज्याने वाचलंय त्याला लगेच कळेल.

जंगल बुकचा लेखक किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ मध्ये, जेजे कलाशाळेच्या आवारात, वडील तिथे शिकवायचे. पण ही पुस्तकं लिहिली अमेरिकेत, व्हरमाँटला, आणि ज्या शिवनीच्या जंगलात गोष्ट घडते, आपल्या पेंचच्या लगतचं, तिथे तो गेलेला नव्हता. नगरी मात्र त्याने बघितलेल्या जागांवरून आली असं मानतात, १८८७ च्या शेवटी तो वर्तमानपत्रासाठी राजपुतान्यात फिरला तेव्हा अंबर आणि चित्तोड पाहिले. अकबराने १५६८ मध्ये चित्तोड घेतला त्यानंतर मेवाडची गादी परत तिथे आली नाही. कुंभा राण्याच्या महालाचे फोटो शोधा, छप्पर नसलेला राजवाडा तोच. माणसं कुठे गेली याचं उत्तरही मुलाला थोडं तिथे मिळेल.

प्रतिसाद २

राजस्थानात कशाला जायचं, वसईच्या किल्ल्याचे फोटो बघा, आम्ही लहानपणापासून तिथेच खेळलोय. तटबंदीच्या आत अख्खं पोर्तुगीज शहर होतं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला, आता चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि वर आभाळ. झाडाची मुळं दगडाला कशी धरतात ते तिथे हाताला लागेल इतक्या जवळून दिसतं, मूळ आधी सांध्यात शिरतं आणि मग दगड ढकलतं, दगडातून कधी येत नाही. तुम्ही वेल नुसती वरून टाकली असेल तर ती सजावट दिसेल. सुतळी उसवा, मातीच्या पाण्यात भिजवा, एक टोक विटांच्या फटीत खुपसा आणि बाकीची भिंतीवरून खाली सोडून जमिनीत गाडा.

धागाकर्ती

किती किती आभार. हे वर्णन मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा, आणि अप्पा आतल्या खोलीत पेपर वाचत होते पण पान उलटल्याचा आवाज आला नाही. विटांचा ढीग तर त्याने लगेच वहीत काढला. सुतळी आज उसवून ठेवते. पण भिंतीचं अजून कोणी सांगा ना.

प्रतिसाद ३

भिंतीचं मी सांगतो, बांधकामात पस्तीस वर्षं गेली.

तुमच्या नमुन्यात राडारोडा नाहीये. भिंतीचा जो भाग वर नाही तो खाली असायला पाहिजे, बाकी सगळं नंतर. दोन फूट भिंत गेली तर दोन फुटांचं दगडमातीचं पायथ्याशी पडलेलं दिसायला हवं, त्याचा उतार होतो, मोठे तुकडे लांब घरंगळतात आणि बारीक भिंतीला चिकटून राहतं. तुम्ही वरून कमी केलं आणि खाली स्वच्छ ठेवलं म्हणून डोळ्याला वाटलं की अजून बांधायचंय.

दुसरं, पडायचा क्रम असतो. आधी लाकूड जातं, म्हणजे छप्पर आणि दारं. मग पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर, मग वरचे थर सुटतात. कोपरे मधल्या भिंतीपेक्षा जास्त दिवस टिकतात कारण तिथे दोन्हीकडची गुंफण असते. जोतं कधी जात नाही. म्हणून पडक्या घराचे कोपरे उंच आणि मध्य खोलगट दिसतो. तुमचा बुरूज अर्धा आणि शेजारची भिंत पूर्ण होती का? तसं सहसा होत नाही.

आणि यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आधी पूर्ण बांधा. खरंच पूर्ण, छपरासकट. एक दिवस वाळू द्या, वरून कडक आणि आतून दमट असताना बोटांनी ओढून पाडा, आणि पडलेलं जिथे पडेल तिथेच राहू द्या, उचलून नीट मांडायला जाऊ नका. सुरी नको.

डागांसाठी चहाचं पाणी माथ्यावरून ओघळू द्या. शेवाळ विकत आणू नका, आत्ता पावसाळा संपलाय, कुंपणाच्या भिंतीवर भरपूर असेल, पत्र्याने खरवडून घ्या. आणि कुठल्याही गच्चीच्या पन्हळीत पिंपळाचं बोटभर रोप सापडेल, ते घुमटाच्या फटीत लावा.

प्रतिसाद ४

संगमरवरी जाळीसाठी, फळवाल्याकडे सफरचंदाला पांढरी फोमची जाळी येते ती घ्या, पीओपी अगदी ताकासारखं पातळ करा, बुडवा, वाटीवर पालथी घालून वाळवा. घुमट आणि जाळी एकातच होतं. थर्माकोल नका आणू, सजावटीला बंदीच आहे.

माकडांबद्दल एक, लाल तोंडाची करा, काळ्या तोंडाची केलीत तर मुलं वानर म्हणतील.

प्रतिसाद ५

ताई, तुमच्या अप्पांचं म्हणणं मला पटतं, मीही दिवाळीत तसं करणार नाही. पण वरच्या काकांनी सांगितलेलं नीट वाचा, त्यात तुमची वाट आहे. आधी पूर्ण बांधायचंच आहे ना? मग वसुबारसेला पूर्ण किल्ला उभा राहू दे, महाराज सिंहासनावर, मावळे तटावर, पणत्या लावा, सगळं अप्पांच्या पद्धतीने. भाऊबीज झाली की महाराजांना नमस्कार करून चित्रं आत घ्या. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत मधे दहा दिवस मिळतात. नाहीतरी त्या दिवसांत पोरं किल्ला फटाके लावून उडवतातच. त्यात फटाका नको, काका म्हणतात तसा पाडा, आणि माकडं येऊ द्या. माणसं राहत होती आणि मग गेली हे मुलाला डोळ्यांनी दिसेल. तोवर अळीव पण वाढलेला असेल, म्हणजे रान आपोआप.

आणि अप्पांना एकदा सहज विचारा, रायगडावरची बाजारपेठ आज कशी दिसते. दोन ओळी, जोती आणि भिंती, वर काही नाही. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वाडे जळाले, पण आपण पडका म्हणून तिथे जायचं सोडलंय का?

धागाकर्ती

काल रात्री सगळे प्रतिसाद अप्पांना वाचून दाखवले, बांधकामवाल्या काकांचा त्यांनी परत वाचायला लावला. रायगडाचं मी विचारलं तर म्हणाले, "होळीच्या माळावरून बाजारपेठेत पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कॉलेजात होतो, चप्पल काढून चाललो होतो." बस एवढंच, पुढे काही बोलले नाहीत आणि मीही काही विचारलं नाही.

आज सकाळी अंगणात आवाज आला म्हणून बघितलं तर दोघं विटा निवडतायत. मुलगा सांगत होता कुठली घरं पाडायची, हत्तींचा चौक कुठे, आणि अप्पा म्हणाले मग त्या भिंतींच्या वरच्या तीन थरांना चिखल कमी लावू, नुसत्या विटा बसवू, म्हणजे नंतर ओढल्या की खालची भिंत हलणार नाही.

फळवाल्याकडून जाळ्या आणल्या आहेत. अळीव साधारण कधी पेरू ते तेवढं सांगा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बोटभर उंच हवाय.