मदत हवी आहे: गोल्डन रिट्रीव्हरच्या हृदयावरणात पुन्हा रक्तमिश्रित द्रव, मेसोथेलिओमा (हृदय-फुप्फुसांवरच्या अस्तराचा कर्करोग) ओळखायचा कसा?

प्रश्न
नर, वय ९, वजन ३३ किलो. पाच आठवड्यांत दोनदा हृदयावरणातून द्रव काढला: आधी ४५० मिली, मग ३८० मिली. दोन्ही वेळा गडद लाल, न गोठणारा. ईसीजीत क्यूआरएसची (ठोक्याच्या मुख्य लहरीची) उंची कमी, एक्स-रेत हृदय गोल. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) गाठ नाही. सायटॉलॉजीचा (द्रवातल्या पेशींच्या तपासणीचा) अहवाल: 'मेसोथेलियल पेशींत बदल, कर्करोग नाकारता येत नाही.' पालक शस्त्रक्रियेला तयार आहेत, पण आधी पक्के निदान मागतात. पुन्हा सायटॉलॉजी करू की सीटी?

प्रतिसाद १
डॉक्टर, सायटॉलॉजीवर आणखी खर्च नको. हृदयावरणात रक्त साठले की कारण कुठलेही असो, मेसोथेलियल (अस्तराच्या) पेशी चेततात: दोन-दोन केंद्रके, ठळक न्यूक्लिओलाय (केंद्रकातले ठिपके), विभाजन, झुबके. कर्करोगातही हेच चित्र दिसते, त्यामुळे उत्तम पॅथॉलॉजिस्टलाही काचपट्टीवर फरक करता येत नाही. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) किंवा जंतुसंसर्ग मात्र त्यात सापडतो, म्हणून पहिला नमुना योग्यच होता. द्रवाचा हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचे प्रमाण) कमी असेल तर सायटॉलॉजीतून काही हाती लागण्याची शक्यता थोडी वाढते. तो मायक्रोहिमॅटोक्रिट नळीत फिरवून बघा.

सीटीत फुप्फुसे आणि हृदयाच्या तळाशी असलेली गाठ चांगली दिसते. मेसोथेलिओमा बहुधा पातळ थर होऊन पसरतो, तो सीटीत सहज निसटतो. त्याआधी पोटाची सोनोग्राफी करा. प्लीहेत गाठ निघाली तर हिमॅन्जिओसार्कोमाचा (रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाचा) संशय बळावतो आणि छाती उघडण्याचा विचारच बदलतो. या जातीत तो वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरे उत्तर ऊतीतच आहे. द्रव दोनदा साठला आहे, तेव्हा हृदयावरण काढणे हा उपचारही आहे आणि बायोप्सीही. दुर्बिणीतून छोटी खिडकी केली तर तुकडा लहान मिळतो आणि रोग असलेली जागा सुटू शकते. सर्जनना फ्रेनिक नसांच्या (हृदयावरणावरून श्वासपटलाकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या) खालचा भाग काढायला सांगा. जाड, खरखरीत दिसणाऱ्या जागांचे वेगवेगळे तुकडे, फुप्फुसावरणाचा एक तुकडा आणि छातीतली सुजलेली लसिकाग्रंथी घ्या. तुकडे पुठ्ठ्यावर सपाट पसरून १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका. फॉर्मॅलिन ऊतीच्या दहापट हवे.

विनंतीपत्रात स्पष्ट लिहा: 'पेशी खालच्या चरबीत किंवा तंतुऊतीत घुसल्या आहेत का?' निर्णय मुख्यतः त्यावर ठरतो. साइटोकेराटिन आणि व्हिमेन्टिन (पेशींचा प्रकार ओळखायची प्रथिने) दोन्ही पॉझिटिव्ह आले तर पेशी मेसोथेलियल असल्याला पुष्टी मिळते, त्या कर्करोगाच्या आहेत हे मात्र सिद्ध होत नाही. अहवाल वाचताना इथेच सर्वाधिक गफलत होते.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पालकांना आधीच सांगून ठेवा की बायोप्सीत 'फक्त दाह' आला तरी विषय संपत नाही. हृदयावरण काढल्यावर द्रव छातीत उतरतो, हृदय दाबले जात नाही. म्हणून सुरुवातीचे चार महिने दर महिन्याला छातीची सोनोग्राफी करा. त्या काळात छातीत पुन्हा भरपूर पाणी झाले तर मेसोथेलिओमा धरून जुने ब्लॉक (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) पुन्हा तपासायला द्या. परळ, शिरवळ आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पॅथॉलॉजी विभाग आहेत, तिथे दुसरे मत मागता येईल.

घरात कुणी सिमेंटचे पत्रे कापण्याचे किंवा ॲस्बेस्टॉसचे काम करतो का, हेही विचारा. पाळीव कुत्र्यांतला मेसोथेलिओमा आणि मालकाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध यांची सांगड १९८३च्या अभ्यासात दिसली होती. उत्तर 'नाही' आले तरी रोग वगळला जात नाही. 'हो' आले तर त्या माणसांनाही डॉक्टरांकडे पाठवा.

प्रश्नकर्ता
आभार. इको दोन्ही वेळा द्रव काढल्यानंतर झाला होता.

प्रतिसाद १
मग 'गाठ नाही' यावर विसंबू नका. भोवती द्रव असताना उजव्या ऑरिकलचे (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या पिशवीचे) टोक उठून दिसते. थोडा द्रव साठला की, कुत्रा स्थिर असताना, डाव्या बाजूनेही इको करा. उजवे एट्रियम (वरचा कप्पा) आत दबताना दिसले तर तपासणी थांबवून आधी द्रव काढा. तोवर फ्रुसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) देऊ नका. हृदयात भरणारे रक्त आणखी घटते आणि कुत्रा कोसळतो.